जज्जसाहेब ओढा ओलांडत नाहीत

२९ एप्रिल, बुधवार

दर हंगामाला एक वही, असा माझा शिरस्ता. आजवर कधी नाव घातलं नव्हतं, पण ही शेवटची, म्हणून घालतो: हर्शेल टीग, वय एकाहत्तर, विधुर, राहणार ओझार्कच्या डोंगरात, ओढ्याच्या अलीकडे.

टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम दहा मेला, रविवारी संपतो. सोमवारी माझा मुलगा रँडल ट्रक घेऊन येणार आणि मला उचलून कॅन्सस सिटीत त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत नेऊन ठेवणार. मी हो म्हटलंय. एकट्या माणसाने डोंगरात राहू नये असं त्याचं म्हणणं, आणि जानेवारीत बर्फावरून घसरून मी अर्धा दिवस कोंबड्यांच्या खुराड्याशी पडून होतो, तेव्हापासून मला त्याच्यापुढे बोलायला तोंड नाही. त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या एका गॅरेजची खिडकी दिसते.

जाण्याआधी एकच काम उरलंय. जज्जसाहेब.

जज्जसाहेब म्हणजे टर्कीचा एक म्हातारा नर. छातीवरच्या राठ केसांची दाढी जवळजवळ जमिनीला लागते, आणि पिसारा फुलवून उभा राहिला की आता निकाल वाचून दाखवणार असं वाटतं, म्हणून ते नाव. गेली चार वर्षं तो मला हरवतोय. झोपतो ओढ्यापलीकडे, नेड्रा होबार्टच्या रानात. पहाटे मी अलीकडे ओकच्या बुंध्याला टेकून बसतो आणि लाकडी पेटीचं झाकण घासून मादीचा आवाज काढतो. तो झाडावरून उतरतो, जोरात उत्तर देतो, थेट काठापर्यंत येतो आणि थांबतो. ओढा ओलांडत नाही. निसर्गात नर आरवतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकाऱ्याला हे उलटं करून दाखवायचं असतं. जज्जसाहेबांना हा उलटा न्याय मंजूर नाही.

हंगामाची सुरुवात असती तर थोडी तरी आशा होती. आता पानं फुटून रान दाट झालंय, माद्या अंड्यांवर बसल्यात, नर एकटे पडलेत पण शहाणेही झालेत. आसपासच्या सगळ्या शिकाऱ्यांच्या सगळ्या पेट्या त्यांनी ऐकून ठेवल्यात. गोचिड्या तेवढ्या नव्या आहेत.

आता कुणी म्हणेल, हर्शेल, तूच का नाही ओढा ओलांडत? त्याचं असं आहे. पलीकडचं रान नेड्राचं. तिचा नवरा लॉइड होता तोवर कुणाला पाऊल टाकू देत नसे. तो गेल्यावर नेड्रा चर्चच्या पायरीवर मला म्हणाली, “माझ्या रानात यायचं असेल तर ये, हर्शेल. फक्त येऊन विचार.” त्याला सहा वर्षं झाली. मी गेलो नाही. शेजारणीने स्वतःहून ये म्हटलं पाहिजे. म्हटलंय खरं, पण ‘विचार’ असंही म्हटलंय.

३० एप्रिल, गुरुवार

जज्ज आला, थांबला, गेला.

मी गोचिड्या वेचत बसलो होतो, तेवढ्यात नेड्रा तिच्या काठावर आली, बादली उपडी घालून बसली आणि कांद्याच्या पाती निवडायला लागली. आमच्यामधला ओढा तो केवढा, दोन मोटारी एकापुढे एक उभ्या केल्या की संपला.

“आज पण हात हलवत?” तिने ओरडून विचारलं.

“येत होता. तू दार आपटलंस.”

“माझं दार चाळीस वर्षं आपटतंय. त्याला सवय आहे. तुझंच काहीतरी चुकत असेल.”

माझं चुकतंय म्हटल्यावर मला गप्प बसवेना. सगळं शास्त्र समजावून सांगितलं. साद गोड घालायची, पण एकदाच. सारखी घातली की नराला वाटतं, ही तर पाठीच लागलीय, येईल आपणहून, आपण कशाला पाय दुखवा.

“म्हणजे एकदा बोलवायचं आणि तोंड मिटायचं,” ती म्हणाली.

“बरोब्बर.”

“कठीण आहे रे बाबा,” असं म्हणून तिने पुढची जुडी घेतली.

माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं, त्याला बरीच वर्षं झाली. माझी बायको मर्नासुद्धा ऐकत नसे, देव तिला शांती देवो.

१ मे, शुक्रवार

सकाळी नेड्रा पडवीत आली, “हर्शेल, भट्टीतून गरम बिस्किटं निघालीत!” अशी एकच हाक मारली आणि आत गेली.

मी ओरडून सांगितलं, माझं खाणं झालंय. मग वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल, म्हणून काठापर्यंत गेलो आणि पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. शर्ट विजारीत खोचला. बेकनचा वास येत होता. थोडा वेळ इकडून तिकडे फिरलो. ती काही बाहेर आली नाही. घरी येऊन कालचा मक्याचा पाव खाल्ला, कोरडा. तिला खरंच खायला घालायचं असतं तर बिस्किटं घेऊन येता आली असती. पाणी घोट्याएवढं तर आहे.

जज्जचं तेच. तीनदा आरवला, काठावर येरझाऱ्या घातल्या, पिसारा फुलवला आणि उपाशी परत गेला. एवढा ताठा कशाचा, कोण जाणे.

२ मे, शनिवार

लिहायला हात धजत नाही, पण या वह्यांत आजवर खोटं लिहिलेलं नाही. आज नेम चुकला.

जज्ज उडून ओढ्याच्या मध्यावरच्या गोट्यांच्या बेटावर उतरला होता. तिथपर्यंतची हद्द माझी. सगळं जमून आलं होतं. नेमका चाप ओढताना एक डास नाकात शिरला. गोटे उडाले. जज्ज चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही, याचं जास्त लागलं.

आमच्याकडचा रिवाज असा की नेम चुकला की शर्टाचा मागचा सोगा कापायचा. स्वतः नाही, दुसऱ्याने कापायचा, आणि ज्याने कापला त्याच्या भिंतीवर तो खिळ्याने ठोकायचा. नेम सगळ्यांचाच चुकतो, पण चुकून लपवणाऱ्याच्या शेजारी आमच्याकडे कुणी बसत नाही. म्हणजे मला कुणाकडे तरी जाणं भाग होतं. वर पाहिलं तर नेड्रा समोरच्या काठावर उभी, हातात शिवणाची कात्री.

“एकच बार झाला आणि नंतर तुझं ते जिंकल्याचं गाणं ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “म्हटलं, कात्री लागणार.”

“ये मग इकडे.”

“चुकलास तू. तू ये इकडे.”

“कापणाऱ्याने यायचं असतं.”

“कुठे लिहिलंय?”

कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी मी शर्ट काढला, दगडाला गुंडाळला आणि फेकला. तिने झेलला, सोगा कचकन कापला, उंच धरून दाखवला. मग उरलेल्या शर्टाची घडी घालून काखेत मारली.

“शर्ट टाक इकडे.”

“असा? दोरे निघालेत. काठ दुमडून शिवून देते.”

“नेड्रा, डास चावतायत.”

“मग घरी जा.”

गंजीफ्रॉकवर घरी आलो. तो माझा नशिबाचा शर्ट आहे. माझ्या सगळ्या चांगल्या टर्की त्याच शर्टात झाल्यात.

३ मे, रविवार

चर्च. नेड्रा माझ्या पुढच्याच बाकावर. तिने शर्टाचा विषय काढला नाही, मीही नाही. संध्याकाळी रँडलचा फोन: खोलीत नवा गालिचा टाकलाय. रंग करडा.

४ मे, सोमवार

रबराची नकली मादी घेऊन गेलो आणि माझ्या काठावर रोवली. जज्जने लांबून पाहिलं आणि तिथेच उभा राहिला.

“ती बाहुली कशाला?” बादलीवर बसून नेड्रा.

“दिसण्यासाठी. नुसत्या आवाजावर म्हाताऱ्या नराचा विश्वास बसत नाही. त्याला नजरेला काहीतरी लागतं. दिसेल अशी ठेवायची, पण हाताशी येईल अशी नाही. आणि वाऱ्याने जरा हलली तर फारच छान.”

“हलली तर छान,” ती स्वतःशीच म्हणाली.

५ मे, मंगळवार

नेड्राची कपडे वाळत घालायची दोरी एरवी घरामागे असते. आज ती ओढ्याच्या बाजूला दोन झाडांना बांधलेली दिसली, आणि तिच्यावर एकच कपडा. माझा शर्ट. वाऱ्यावर त्याची बाही वर-खाली होत होती.

मी सकाळभर तिकडेच बघत बसलो. उन्हं वर आली, शर्ट कडकडीत वाळला, तरी काढायचं नाव नाही.

“शर्ट वाळला!” मी ओरडलो.

“हो,” ती दारातून म्हणाली आणि आत गेली.

बाई विसरभोळी होत चाललीय. एकटं राहिल्यावर व्हायचंच. मी गेल्यावर तिच्याकडे बघणार कोण, हाही प्रश्नच आहे. माझा दोस्त ऑर्विन तिच्या बाजूच्या रस्त्याने येतो-जातो, पण तो गावात गॅरेज चालवतो आणि सगळ्यांच्याच खोड्या काढतो. त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा?

दुपारी ती काठावर आली, तेव्हा शर्टाबद्दल बोलणार होतो, पण तिनेच आधी विचारलं, “ती बाहुली बघूनही तुझा जज्ज आला नाही ना?”

“नाही.”

“मग आता?”

“आता मत्सर,” मी म्हटलं. “मादीच्या बाजूला एक नकली तरुण नर ठेवायचा. म्हाताऱ्याला वाटतं, हा कोण उपटसुंभ माझ्या जागेत? भल्याभल्यांची अक्कल तिथे गहाण पडते.”

“तुझ्याकडे आहे का तो?”

“आहे, पण गेल्या वर्षी उंदरांनी त्याचं डोकं खाल्लं.”

“मला वाटतं, डोकं नसलं तरी चालेल,” नेड्रा म्हणाली. तिला अजून यातलं बरंच कळायचंय.

६ मे, बुधवार

नेड्राच्या अंगणात एक निळी पिकअप उभी आहे.

जज्जचं काय झालं ते लक्षात नाही.

७ मे, गुरुवार

पिकअप तिथेच. आत स्टिअरिंगच्या चाकावर एक टोपी अडकवलीय, पुरुषाची, पीस लावलेली. काचेवर दव साचलेलं, म्हणजे गाडी रात्रभर हललेली नाही. मला त्याचं काही नाही. शेजारधर्म म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

सामान बांधायला खोकी हवी होती म्हणून गावात गेलो. ऑर्विनला सहज विचारलं, निळी पिकअप आणि पीस लावलेली टोपी, कोण रे तो? ऑर्विन इतका हसला की त्याला कवळी काढून हातात धरावी लागली.

“लेका, तुला का एवढी पंचाईत?” तो म्हणाला. “तू तर चाललास.”

“मी नुसतं विचारलं.”

“हो, हो. नुसतंच विचारलंस.” आणि पुन्हा तेच.

परत येताना ठरवलं, सरळ तिलाच विचारायचं. अर्थात माझ्या काठावरून.

“पाहुणे आलेत वाटतं?”

“आलेत एक.”

“बरेच दिवस राहणार?”

“बघू. त्यांना काही घाई नाहीये.” तिने पातीची मुळं खुडून पाण्यात टाकली. “जायची घाई तुला आहे. सोमवारीच ना?”

“सोमवारी.”

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. का वाटलं ते सांगता येणार नाही. त्या टोपीवाल्याला मी ओळखतसुद्धा नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “हर्शेल, तुझ्या जज्जला बोलवायचे सगळे उपाय करून झाले. गोड हाक मारलीस, बाहुली ठेवलीस. आणखी काही उरलंय, की झालं?”

“एक उरलाय. हुकमी उपाय. पण तो कुणाला जमत नाही.”

“सांग तर खरं.”

“गप्प बसायचं. हाक नाही, बाहुली नाही, काही नाही. पाठ टेकून, गुडघे वर घेऊन बसायचं आणि जागचं हलायचं नाही. रोज ऐकू येणारी हाक बंद झाली की त्याला चैन पडत नाही. गेली कुठे ही, म्हणून तो स्वतःच बघायला निघतो. न आरवता, मुकाट्याने.”

“किती दिवस?”

“जमेल तेवढे.”

“आणि नाहीच आला तर?”

हे ती इतक्या हळू बोलली की पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला लावलं.

“नाहीच आला, तर हंगाम संपला,” मी म्हटलं.

नेड्राच्या हातातली पात अर्धीच खुडायची राहिली. बादली उचलून ती घरात गेली. मला वाटतं, तिलाही जज्जचा लळा लागलाय.

८ मे, शुक्रवार

शांत. जज्ज गप्प, मीही पेटीला हात लावला नाही.

नेड्राच्या घरूनही आवाज नाही. दोरीवर शर्ट नाही. चुलीचा धूर नाही. पिकअप आहे तिथे, टोपी आहे तिथे. रेडिओवर ती रोज शेतमालाचे भाव ऐकते आणि भाव सांगणाऱ्याला शिव्या देते, तेही आज नाही.

९ मे, शनिवार

पहाटेपासून कान लावून बसलो होतो. दुपारी एक वाजला, कायद्याने बंदूक खाली ठेवायची वेळ झाली, तेव्हा लक्षात आलं की मी जज्जची चाहूल घेतच नव्हतो. मी दार आपटण्याची वाट बघत होतो. दार आपटलं नाही.

तळघराच्या पायऱ्यांवरून पडली असेल का? जानेवारीत मी खुराड्याशी पडलो, तेव्हा मला कुणी शोधलं? नेड्राने. माझ्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून बर्फातून इतक्या लांबून पुलावरून वळसा घालून आली होती. हे मी रँडलला सांगितलेलं नाही, वहीतही लिहिलं नव्हतं.

आणि त्या टोपीवाल्याचं काय? कोण, कुठला, कशाला आला?

फोन उचलला. ‘शर्ट शिवून झाला का’ असं विचारणार होतो. पण ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं वाटलं. ठेवून दिला.

खोकी भरली. सगळं मिळून फार नाही भरलं.

१० मे, रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस

हे नीट लिहितो, कारण पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

अंधारात जाऊन ओकला टेकून बसलो. पेटी घरीच ठेवली होती. उजाडलं. पलीकडे धूर नाही. मान वळवून वळवून बघत होतो, शिकाऱ्याने कधी करू नये ते. आणि मग समोरच्या पाण्यात काहीतरी हललं.

जज्ज ओढा ओलांडत होता.

चालत, एकेक पाय झटकत, पाण्याचा राग आल्यासारखा. आरवला नाही, पिसारा नाही. माझ्या काठावर चढला, मान उंच केली आणि इकडेतिकडे बघायला लागला. मी तीन दिवस हाक मारली नव्हती, तर ती गेली कुठे ते बघायला बिचारा स्वतः आला होता. इतका जवळ होता की दाढीवरून पाणी ठिबकताना दिसत होतं. बंदुकीचं टोक त्याच्या मानेवर होतं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं, नुसतं बोट आवळायचं बाकी.

तेव्हा माझ्या मनात आलं, बार झाला की नेड्रा काठावर येते. कात्री घेऊन येवो नाहीतर टोमणा मारायला येवो, पण येते. आज बार केला आणि ती आली नाही, तर मला कळेल. आणि मला ते तसं कळून घ्यायचं नव्हतं.

मी उभा राहिलो. जज्जने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भर कोर्टात कुणी शिंकलं. मग उडाला. मी काडतुसं काढली, बंदूक झाडाला टेकवली आणि तसाच बुटांसकट पाण्यात शिरलो. मध्ये एकदा घसरलो. पाणी चांगलं गार होतं.

नेड्रा मागच्या पायरीवर बसली होती. पडवीच्या खांबाला पाठ टेकून, गुडघे वर घेऊन, मांडीवर माझा शर्ट. अजिबात हलत नव्हती. नुसते डोळे माझ्याबरोबर फिरत होते.

“नेड्रा! काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“ओरडू नकोस,” ती अगदी हळू म्हणाली. “मी बरी आहे.”

“तीन दिवस दार आपटलं नाही!”

“बिजागरीला तेल घातलं.”

“चूल?”

“थंडच खाल्लं.”

“रेडिओ?”

“भाव पडलेत.”

“आणि तो टोपीवाला?”

“गेला.”

“गाडी तर इथे आहे.”

“चालत गेला. हर्शेल, हात दे, माझे पाय मेलेत.”

मी हात दिला. ती उठली, पण हात सोडला नाही. तिचे डोळे भरले होते. पाय अवघडले की फार कळ येते, मला माहीत आहे.

“काल संध्याकाळी वाटलं, हा काही येत नाही,” ती म्हणाली. “वाटलं, सोमवार उजाडणार आणि ट्रक येणार.”

“मी विचारायला आलोय,” मी म्हटलं.

“काय?”

“रानात यायची परवानगी. तूच म्हणाली होतीस, येऊन विचार.”

“एक वाजता हंगाम संपतोय, बाबा.”

“माहितीय.” बुटात पाणी होतं. “एकनंतर यायचं असेल तर? रोज?”

“विचारलंस ना?” नेड्रा म्हणाली. “मग ये.”

आत टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. दुसरी टोपीवाल्याची असेल, पण स्वच्छ होती. वर भिंतीवर माझ्या शर्टाचा सोगा खिळ्याने ठोकलेला, खाली शाईने तारीख. बिस्किटं गार होती. मी सहा खाल्ली.

११ मे, सोमवार

रँडल ट्रक घेऊन आला तेव्हा घरात मी नव्हतो. त्याने घाबरून खुराड्याकडे धाव घेतली. मी पलीकडच्या काठावरून हाक मारली तेव्हा तो जागच्या जागी खाली बसला.

“बाबा, तू तिकडे काय करतोयस?”

“नाश्ता.”

त्याला सगळं समजावून सांगितलं: की मी नीट विचार केला, साधकबाधक पाहिलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही, तर माझं मी ठरवलंय की जायचं ते ओढ्यापलीकडेच. तो माझ्याकडे बघत होता, मग नेड्राकडे. ती कॉफी ओतत होती.

“आणि करड्या गालिच्याचं काय करू?”

“त्यावर एखादी मोटार उभी कर.”

मग त्याच ट्रकमध्ये माझं सामान घालून, पुलावरून वळसा मारून, तो इकडे आला. नेड्राने पडवीतच हात आडवा केला. “पलंग इथून पुढे येणार नाही. शनिवारी पाद्रीबाबा येऊन दोन शब्द बोलतील, मग बघू.” शनिवारचं तिने कधी ठरवलं, कळलं नाही. पाद्रीबाबांनाही म्हणे आधीच माहीत होतं.

ट्रक लावायला जागा हवी म्हणून रँडल निळी पिकअप हलवायला गेला. किल्ली नव्हती. झाकण उघडून बघतो तर आत इंजिनच नाही. इंजिनाच्या जागी एका चिमणीने घरटं केलंय. रँडल हसता हसता चाकाशी बसला.

“नेड्रा,” मी विचारलं, “हा माणूस इंजिनाशिवाय आला कसा?”

“बिचाऱ्याला बरंच ढकलावं लागलं असेल,” ती म्हणाली.

दुपारी ऑर्विन कुणी न बोलावता टोइंगची गाडी घेऊन आला आणि पिकअप ओढून घेऊन गेला. टोपी तेवढी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. त्याचंही त्या माणसाशी काहीतरी नातं असावं.

जाताना रँडलने मला मिठी मारली. मग नेड्राला मारली, आणि तिला जरा जास्त वेळ.

१२ मे, मंगळवार

पहाटे पडवीतल्या पलंगावर जाग आली ती आरवण्याने. जज्ज. पण आवाज उलट्या बाजूने येत होता. उठून पाहिलं तर ओढ्यापलीकडे, माझ्या रिकाम्या घराच्या पडवीच्या कठड्यावर उभा, पिसारा फुलवून निकाल वाचतोय. चार वर्षं तो इकडे होता आणि मी तिकडे. आता मी इकडे आलो, तर हा तिकडे.

नेड्रा कॉफी घेऊन आली. शर्टाचा काठ तिने फार छान शिवलाय, मागून थोडा आखूड झालाय इतकंच.

“पुढच्या वर्षी त्याला इकडे बोलवावं लागणार,” मी म्हटलं. “तुला शिकवतो. तुझ्यात ते कसब आहे असं मला वाटतं.”

“खरंच?”

“हो. फक्त एक लक्षात ठेव, यात सगळं आलं. नराला आपल्याला कुणी बोलवतंय हे कधी कळू द्यायचं नाही. तो अगदी जवळ येऊन उभा राहतो, तरी त्याला वाटत असतं, आपण आपल्याच मर्जीने इकडे निघालो होतो.”

नेड्राने कॉफीचा घोट घेतला. तिला ठसका लागला, मला पाठ चोळावी लागली.

“हे फार मोलाचं बोललास, हर्शेल,” ती डोळे पुसत म्हणाली. “वहीत लिहून ठेव.”

म्हणून लिहून ठेवलं.